दमट हवेत लांब ट्रेल रन: काय रेटायचं आणि कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिवाळ्यात तुम्ही २१ किलोमीटर आरामात धावता, किलोमीटरला साडेसहा मिनिटं या वेगाने. सप्टेंबरअखेरीस २५ किलोमीटरची चढ-उताराची ट्रेल, म्हणजे कच्च्या वाटेवरची शर्यत आहे. पण ऑगस्टपासून नागपूरच्या गोरेवाड्याच्या बाजूला लांब सराव केला की चौदाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात, पोटरीत गोळे येतात, मळमळतं आणि उरलेलं अंतर पाय ओढत चालावं लागतं. दोन लिटर साधं पाणी पिऊनही फरक पडत नाही. तेव्हा ‘मन घट्ट करून शेवटचे दहा किलोमीटर कसे रेटायचे?’

मनाकडे नंतर येतो. तुम्ही लिहिलंय त्यात मन कमी पडल्याची एकही खूण मला दिसत नाही. पहिल्या तासात शरीरात जितकी उष्णता तयार झाली तितकी बाहेर पडली नाही, ती साठत गेली आणि चौदाव्या किलोमीटरला तिने पाय धरले, असं दिसतं. म्हणून शेवटचे दहा किलोमीटर सुधारायचे असतील तर पहिले दहा बदलावे लागतील.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का असतो: मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्याला ऑगस्टचे २८ अंश काय करणार? पण नागपूरचा उन्हाळा कोरडा. तेव्हा घाम दिसतही नाही, कारण तो कातडीवर येताक्षणी उडून जातो. घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही, तो उडाला तरच होतं. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. गंजीवरून टपकून बुटात गेलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. त्यात फक्त पाणी आणि मीठ वाया जातं.

आता तुमचा हिशेब करू. वजन ६६ किलो आणि वेग ताशी ८ किलोमीटर धरला तर तासाला अंदाजे ५३० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातला सुमारे चार पंचमांश भाग उष्णता होतो, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. एवढी उष्णता काढायला पाऊण लिटरच्या जवळपास घाम संपूर्ण उडायला हवा. दमट हवेत त्यातला बराचसा नुसता टपकतो, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. सव्वा ते दीड लिटर गेला तरी अंग तापलेलंच राहतं. शिवाय कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं आणि घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होतं. वेग तोच राहतो, पण हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-पंधराने वर चढतात. पोटाकडचं रक्त घटतं आणि मळमळ सुरू होते. तुमची सगळी लक्षणं या एका साखळीत बसतात.

फोनवर हवामान बघताना आर्द्रतेची टक्केवारी बघू नका, दवबिंदू (ज्या तापमानापर्यंत हवा गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं) बघा. टक्केवारी फसवते. सकाळी २५ अंश आणि ९५ टक्के, दुपारी ३२ अंश आणि ६५ टक्के, असं दिसलं की दुपारी हवा कोरडी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही वेळी दवबिंदू २४ च्या आसपासच असतो, म्हणजे हवेतली वाफ तेवढीच असते. वर ऊन मात्र वाढलेलं असतं. म्हणून पहाटे निघायचंच, पण पहाट आहे म्हणून वेग वाढवायचा नाही. दवबिंदू १८ च्या खाली असेल तर नेहमीसारखं धावा. २० ते २२ असेल तर किलोमीटरला १५ ते २५ सेकंद सोडा. २३-२४ च्या वर गेला तर ४० ते ६० सेकंद सोडायची तयारी ठेवा. हे आकडे सरावातून बसवलेले आहेत, तुमच्यासाठी थोडे इकडेतिकडे होतील. वजन जास्त असेल, घाम फार येत असेल किंवा वाट बंदिस्त असेल तर आणखी सोडावे लागतात.

ट्रेलवर घड्याळातला वेग तसाही फारसा उपयोगाचा नसतो. दगड, चढ आणि चिखल दर किलोमीटरला तो बदलतात. त्यापेक्षा ठोके धरा. हिवाळ्यातल्या लांब रनचे तुमचे सरासरी ठोके काढा आणि पहिल्या तासात त्याच्यावर पाचपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. दुसऱ्या तासानंतर ते दहा-बाराने वाढतील, ते स्वाभाविक आहे. मनगटावरचं सेन्सर घामाने आणि हलण्याने चुकतं. छातीचा पट्टा असेल तर तो वापरा. काहीच नसेल तर एक जुनी कसोटी पुरेशी आहे: सोबतच्या माणसाशी दहा-बारा शब्दांचं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. चढावर वाक्य तुटायला लागलं की चाला. चढ चालण्यात कमीपणा नाही. वेगात चालताना तयार होणारी उष्णता धावण्याच्या जवळपास निम्मी असते आणि अंग निवायला वेळ मिळतो. सपाट वाटेवरही २५ मिनिटं धावून २ मिनिटं चालायचं, हे पहिल्या चक्रापासून करा. थकल्यावर सुरू केलेलं चालणं उशिरा केलेलं असतं.

‘मग वेळ फार जाईल’ असं वाटणं साहजिक आहे. पहिले १० किलोमीटर ४५ सेकंदांनी हळू गेलात तर साडेसात मिनिटं जातात. शेवटचे १० किलोमीटर ८ ऐवजी १२ मिनिटांनी चालावे लागले तर ४० मिनिटं जातात. दमट दिवशी निवड या दोनांतच असते.

पाणी आणि मीठ या विषयावर मी जरा जास्त थांबतो, कारण तुमची दुसरी मोठी अडचण इथे आहे. आधी स्वतःचा घाम मोजा. लघवी करून, कपडे काढून, अंग पुसून वजन करा. शर्यतीसारख्या हवेत आणि शर्यतीच्याच वेगाने एक तास धावा. प्यालेलं पाणी मोजून ठेवा. परत येऊन पुन्हा कपड्यांशिवाय, अंग पुसून वजन करा. समजा ६६.० चं ६५.१ झालं आणि ५०० मिलि प्यालात, तर तासाला १.४ लिटर घाम गेला. मध्ये लघवी झाली असेल तर तेवढी वजा करा. वजनकाटा शंभर ग्रॅम दाखवणारा हवा. दोन वेगळ्या दिवशी मोजा, कारण ढगाळ आणि उन्हाच्या दिवसात बराच फरक पडतो.

१.४ लिटर जातो म्हणून १.४ लिटर पिऊ नका. धावताना बहुतेकांचं पोट तासाला ८०० मिलि ते एक लिटरच्या पलीकडे घेत नाही, उरलेलं आत डुचमळत राहतं. तुमच्यासाठी ६५० ते ८०० मिलि योग्य वाटतं: दर १५ मिनिटांनी १६० ते २०० मिलि, घोट घोट. संपताना वजन दोन-तीन टक्क्यांनी उतरलेलं असेल तर चालतं. वजन वाढलं असेल तर ते धोक्याचं आहे. नुसतं पाणी भरपूर ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, डोकं ठणकतं, उलटी होते आणि माणूस गोंधळतो. पाहणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं आणि तो आणखी पाजतो. तहान नसताना, पोट फुगलेलं असताना पाणी पिऊ नका आणि कुणाला पाजूही नका.

एक लिटर घामात साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम जातं. माणसागणिक फरक मोठा असतो. टोपी किंवा काळी गंजी वाळल्यावर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुम्ही जास्त मीठ घालवणाऱ्यांपैकी आहात. सोपा उपाय म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस. एक लिटरचं पाकीट दोन लिटर पाण्यात घाला. त्यात लिटरला अंदाजे ८६० मिलिग्रॅम सोडियम येतं आणि चवही पिण्यासारखी राहते. जुलाबात मात्र असं पातळ करायचं नसतं, तिथे पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घ्यायचं. औषधाच्या दुकानात तशाच डब्यातून मिळणाऱ्या गोड पेयांमध्ये साखर खूप आणि मीठ नावाला असतं. मागची यादी वाचून घ्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम साखर, २ ग्रॅम मीठ (लहान चमच्याचा तिसरा हिस्सा) आणि एका लिंबाचा रस. यातून सोडियम पाऊण ग्रॅमच्या वर मिळतं आणि साखर पाच टक्के राहते. साखर आठ टक्क्यांच्या वर नेली की दमट हवेत पोट ती मागे टाकतं. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर हा भाग डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

खाण्याबद्दल थोडक्यात. तासाला ३० ते ५० ग्रॅम कर्बोदकं, पहिला घास ४० मिनिटांच्या आत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. पेयातली साखरही यात धरा. घरचं सरबत ७०० मिलि प्यालात तर ३५ ग्रॅम तिथेच झाले, वर अर्धं केळं पुरे. पातळ ओआरएसमध्ये साखर जवळजवळ नसते, त्याच्यासोबत खावंच लागेल. शेंगदाण्याची चिक्की हिवाळ्यात चांगली, पण दमट दिवशी तेल आणि प्रथिनं पोटात बसून राहतात. राजगिऱ्याची वडी किंवा खजूर बरे. निघण्याच्या दोन तास आधी कमी तेलाचे साधे पोहे चालतील. तर्री पोहे परत आल्यावर खा.

आता रेटण्याकडे येऊ. लांब ट्रेलवर तीन वेगवेगळे थकवे एकाच चेहऱ्याने येतात, आणि त्यातले दोनच रेटण्याजोगे असतात. पाय जड झाले किंवा पोटरी धरली की थांबा, सावलीत तीन मिनिटं सावकाश चाला, दोन घोट घ्या आणि ठोके बघा. ठोके २५-३० ने उतरले, डोकं स्वच्छ आहे, फक्त पाय नको म्हणतात, तर तो स्नायूंचा थकवा आहे. तो रेटता येतो. पावलं आखूड करा, पावलांची लय वाढवा, उतारावर टाच आपटू नका. गोळा आला तर स्नायू ताणून २०-३० सेकंद धरा, मग चालत पुढे. गोळ्यामागे बहुतेक वेळा सवयीपेक्षा जास्त वापरलेला स्नायू असतो, मिठाची तूट त्यात भर घालते. म्हणून मिठाचं पाणी पिऊन पुन्हा तोच वेग धरलात तर गोळा परत येणार.

दुसरा थकवा साखरेचा. चिडचिड होते, ‘कशाला आलो’ असं वाटतं, हात रिकामे वाटतात, साधी आकडेमोड जमत नाही. २०-२५ ग्रॅम साखर पोटात गेली की दहा-पंधरा मिनिटांत माणूस पुन्हा ताळ्यावर येतो. तेवढा वेळ चालत राहा आणि शर्यत सोडण्याचा निर्णय तेव्हा घेऊ नका. मनाचा खरा उपयोग इथे होतो. उरलेले ११ किलोमीटर डोक्यात आणू नका. पुढचं पाण्याचं ठिकाण, नाहीतर पुढचं वळण, एवढंच धरा. घड्याळाचा पडदा बदलून फक्त ठोके आणि वेळ ठेवा. चढावर तळहात मांड्यांवर टेकवून शंभर पावलं मोजा, मग पुन्हा शंभर.

तिसरा उष्णतेचा, आणि तो रेटायचा नाही. तीन मिनिटं चालूनही ठोके उतरत नाहीत, घामाघूम असताना अंगावर शहारे येतात किंवा थंडी वाजते, डोकं ठणकतं, चक्कर येते, पाय वेडेवाकडे पडतात. यातलं एकही दिसलं की धावणं थांबलं. सावली, बसणं, डोक्यावर आणि मानेवर गार पाणी, गंजी काढून वारा. वीस मिनिटांत पूर्ण बरं वाटलं तरी उरलेलं अंतर चालत, तेही कुणाच्या सोबतीने.

आणि सोबत्याने हे ओळखायला शिकावं: माणूस असंबद्ध बोलतोय, विनाकारण भांडतोय, शर्यत कुठली आहे हे सांगू शकत नाही किंवा कोसळलाय, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडं असेलच असं नाही. धावताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. तेव्हा आधी गार करा, मग हलवा. वाहत्या ओढ्यात किंवा टाक्यात, डोकं पाण्यावर धरून, मानेपर्यंत ठेवा. ते नसेल तर मिळेल तेवढं पाणी अंगावर ओता, ओले दुपट्टे सतत बदला, जोरात वारा घाला, बर्फ असेल तर मान, काख आणि जांघेत ठेवा. एकाने १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचं तापमान खाली आणण्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

अंग थंड ठेवायला डोक्यावर पाणी ओतणं दमट दिवशी कमी उपयोगी पडतं, कारण तेही उडत नाही. ते खरोखर गार असेल तर फायदा होतो. एक बाटली अर्धी भरून रात्री गोठवा आणि सकाळी वर पाणी भरा. दुपट्ट्यात बर्फाचे खडे बांधून मानेभोवती घ्या, तासभर टिकतात. निघण्याआधी अर्धा तास बर्फाचा चुरा घातलेलं ४००-५०० मिलि लिंबू सरबत घोट घोट घेतलं तर सुरुवात थोड्या गार अंगाने होते.

वाऱ्याचा विचार फार कमी लोक करतात. तुम्ही ताशी ८ किलोमीटरने धावताय आणि वारा मागून तेवढ्याच वेगाने येतोय, तर तुमच्या अंगाला वारा शून्य. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतांशी पश्चिमेकडून असतो. सरावाला जाताना पूर्वेकडे आणि परतताना पश्चिमेकडे तोंड, अशी वाट आखली तर थकलेल्या टप्प्यात वारा समोरून मिळतो. तलावाच्या काठची मोकळी वाट दाट झुडपांच्या पायवाटेपेक्षा बरी. पाऊस थांबून लख्ख ऊन पडतं तो पहिला तास सगळ्यात वाईट, तेव्हा वेग आणखी सोडा.

शक्यतो चार-पाच किलोमीटरची फेरी करा, म्हणजे दर फेरीला गाडीपाशी पाणी, बर्फ आणि बाहेर पडायची सोय राहते. काळ्या मातीची शेतवाट पावसानंतर टाळाच. माती तळव्याला चिकटून प्रत्येक बूट दुप्पट जड होतो आणि घोटा मुरगळतो. मुरुमाची वाट पावसानंतर लवकर मोकळी होते. सेमिनरी हिल्सचे चढ छोटे आहेत, पण पुन्हा पुन्हा केले तर चढ चालण्याचा चांगला सराव होतो. पेंच किंवा बोरच्या जंगलात पायी शिरायचा विचार करू नका. गोरेवाड्याकडेही परवानगी असलेली वाट, उजेड आणि सोबत हवी. या दिवसांत गवतात घोणस असते, कानात इअरफोन नकोत. गडगडाट ऐकू आला की टेकडीवरून खाली या, एकट्या झाडाखाली थांबू नका आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

कपड्यांत सुती काही नको, मोजेसुद्धा. पातळ जाळीची गंजी घ्या, पावसाचं जाकीट घालून धावू नका. बोटांमध्ये, काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांवर व्हॅसलिन निघण्याआधीच लावा. दुसरे मोजे गाडीत ठेवा आणि बाराव्या किलोमीटरला बदला. ओली कातडी पांढरी पडून सुरकुतली की फोड यायला वेळ लागत नाही.

शर्यतीला महिना असेल तर शरीराला दमट हवेची सवय लावायला वेळ पुरेसा आहे. दहा ते चौदा दिवस, रोज किंवा दिवसाआड, ४५ ते ९० मिनिटं याच हवेत आणि हळू. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं आणि ठोके उतरतात. पुढे घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. एसी जिममधल्या ट्रेडमिलवर हे होत नाही, आणि दोन-तीन आठवडे खंड पडला तर मिळवलेलं बरंच जातं. आठवड्याला एकच लांब रन करा: पहिल्या आठवड्यात दोन तास, मग अडीच, मग पावणेतीन तास, अंतर कितीही होवो. शेवटच्या दहा दिवसांत लांब काही नको.

डेंग्यू, चिकुनगुनिया किंवा साधा ताप येऊन गेला असेल तर हा सगळा आराखडा पुढे ढकला आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय लांब धावू नका. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, त्या चालू असतील तर तेही विचारा. अंगदुखीच्या गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक, धावण्याआधी किंवा धावताना घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्यांचा भार मूत्रपिंडावर येतो.

घामाच्या दोन मोजण्या झाल्या की ते आकडे आणि शर्यतीतल्या पाण्याच्या ठिकाणांची अंतरं लिहा. मग किती बाटल्या पाठीवर आणि किती वाटेत भरायच्या, ते ठरवता येईल.